गोल रांग

दाजींनी आमच्यासाठी घर बनवलं. घडीच्या भिंती, खटक्याने बसणारं छप्पर, एक खोली. चौघींनी चार कोपरे धरले की अख्खं घर उचललं जातं. पुरात सगळं गेलं तेव्हा आम्हाला हीच घरं मिळाली. मी ताईला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा कामाचं काहीतरी केलं."

पण छावणीच्या साहेबांनी ती वर्गातल्या बाकांसारखी मांडली. प्रत्येक दारासमोर पुढच्या घराची पाठ. माझी आई पाय मोडून खाटेवर. मी कामाला गेले असताना ती खाटेवरून पडली, आणि मी येईपर्यंत तशीच जमिनीवर होती. समोर पुढच्या घरातल्या काकूंचं दार असतं, तर त्यांना दिसलं असतं.

दारं समोरासमोर करा म्हटलं, तर साहेब म्हणाले, "रांग मोडायची नाही. वरून फोटो काढतात."

"मग आईला छपरावर झोपवते. फोटोत तरी येईल."

हसले नाहीत. हसणं त्यांच्या खात्यात बसत नसावं.

दाजी पाहणीला आले तेव्हा मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "खुंट्या काढल्या की घर हलतं ना?"

"हलतं, पण..."

"पणबिण राहू द्या. साहेबांना ऑफिसच्या तंबूत बसवून तुमचा नकाशा समजावून सांगा. तुमच्या तावडीतून माणूस लवकर सुटत नाही, ताईला विचारा."

दाजी तोंड पाडून गेले. पण गेले.

आम्ही खुंट्या उपटल्या. घरं निघाली. आई बाहेर खाटेवरून हुकूम सोडत होती, "डावीकडे गं! माझ्या अंगावर आणता का?"

साहेब बाहेर आले तेव्हा घरांचा गोल झाला होता, भिंतीला भिंत, सगळी दारं आत. मधोमध त्यांची गाडी.

"ही रांग आहे?"

"आहे की. गोल आहे."

"माझी गाडी अडकली!"

"अडकली कुठे? सगळ्यांच्या नजरेसमोर आहे. सोडतो ना. आधी बोला, घरं अशीच राहतील."

साहेब दाजींवर खेकसले, "इतकी हलकी घरं करायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच," दाजी पुटपुटले.

साहेबांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. "राहू द्या!"

"आणि उद्या सरळ केलीत," मी म्हणाले, "तर परवा परत गोल. घरं हलकीच आहेत, साहेब."

काकूंचं घर उचलून वाट दिली. गाडी गेल्यावर ते परत ठेवलं, आईच्या दारासमोर.

आईने लगेच हाक मारली, "अहो, ऐकू येतं का?"

"येतं हो," काकू म्हणाल्या. "आता जरा गप्प बसा."