ओळंबाकाकांचा वाकडा ओढा

"काका, हा ओढा सरळ केलात तेव्हा तुमचं बरोबर होतं, की आता वाकडा करताय ते बरोबर आहे?"

विचारलं! एकदाचं विचारलं! मागे बांधावर आमची टोळी तोंडावर हात दाबून बसली होती. "दम असेल तर विचारून दाखव," असं त्यातली चष्मेवाली शनिवारची सकाळची शाळा सुटल्यापासून म्हणत होती, आणि मला कुणी 'दम असेल तर' म्हटलं की माझे पाय माझं ऐकत नाहीत. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

ओळंबाकाकांनी मशीन बंद केलं. खोदणारा तो लांब हात हवेतच राहिला. गवंड्याचा ओळंबा जसा कधी तिरका लटकत नाही तसं काकांचं खोदकाम, म्हणून त्यांना हे नाव पडलं. ते तरुण होते तेव्हा ओढा शेतांत शिरून पिकं बुडवायचा. काकांनी त्याला पट्टी लावल्यासारखा सरळ कापला. बाहेरगावचे पाहुणे आले की लोक त्यांना मुद्दाम तो दाखवायला न्यायचे, म्हणे! पूर थांबले खरे, पण मग पाणीही थांबेनासं झालं. येतं आणि माती घेऊन सुसाट निघून जातं. विहिरी लवकर तळ दाखवतात. म्हणून आता ओढ्याला पुन्हा वळणं द्यायचं ठरलं होतं. म्हणजे पाणी रमतगमत जाईल, वाटेत जिरेल. आणि हे काम काकांनी स्वतःहून मागून घेतलं होतं.

"मैत्रिणींनी पाठवलंय ना तुला?" काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"हो."

"मग त्यांना सांग, तेव्हा काकांना येत होतं. आता येत नाहीये."

इथे मी परत पळायला हवं होतं. पैज तर जिंकलेच होते. पण त्यांचा चेहरा बघून पाऊल उचललं नाही.

"येत नाही म्हणजे?"

ते खाली उतरले आणि मला नव्या वळणाच्या काठावर घेऊन गेले. काय सुंदर खोदलं होतं! कंपासने काढल्यासारखी गोलाई, सुरीने कापल्यासारखे काठ.

"मस्त आहे की!"

"तेच तर चुकलंय. पाणलोट योजनेच्या मॅडमनी काल वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडून बघितलं. गुळगुळीत काठावरून घसरलं, उडी मारली, आणि गेलं जुन्या सरळ चरात. त्याआधीच्या वेळीही तेच. आज संध्याकाळी पुन्हा सोडणार. जमलं नाही तर उद्यापासून दुसरा ऑपरेटर."

"येऊ दे की. तुम्हाला आराम."

"आराम?" काका एवढ्या जोरात म्हणाले की मी दचकलेच. "सरळ मी केला, आणि निस्तरायला दुसरा? मला काठ खडबडीत दिसला की हात आपोआप तासायला जातो गं. इतक्या वर्षांची खोड. वाकडं येतच नाही मला."

"वाकडं ना? अहो, मग मला विचारा! माझं घराचं चित्र बघून चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, भूकंप झालाय का गं?"

काका हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चुन्याच्या फक्कीच्या पिशवीकडे.

"उचल. दोन्हीकडे मॅडमचे झेंडे आहेत, त्यांच्या आत राहायचं. फक्की सोडत चालायचं. मी तुझ्या रेघेवरून खोदतो."

मी! माझ्या रेघेवरून! पिशवी छातीशी धरून मी निघाले आणि एकदम मन लावून नागमोडी चालले. डावीकडे झोकदार, उजवीकडे झोकदार.

"केकवर नक्षी काढतेयस का गं?" बांधावरून चष्मेवाली ओरडली.

काका म्हणाले, "ही तर मीही काढली असती." आणि त्यांनी पायाने रेघ पुसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर मीच पुसली. ठरवून वाकडं जाणं इतकं अवघड असतं हे मला माहीतच नव्हतं.

"जाऊ दे," काका म्हणाले. "शाळेत काय चाललंय तुमच्या?"

झालं! मला हे विचारणं म्हणजे नळ उघडा टाकून घर सोडण्यासारखं आहे. मी त्यांना भाषणाच्या स्पर्धेची गोष्ट सांगायला घेतली. स्टेजवर गेले आणि पाठ केलेलं सगळं विसरले, मग मनाला येईल ते ठोकून दिलं आणि हेडसरच सगळ्यांत जास्त हसले. सांगताना सरांची नक्कल करत मी उलटी चालले, एका मोठ्या दगडाला वळसा घातला, बुंध्याला अडखळून बाजूला झाले, मध्येच बेडूक बघायला वळले, आणि खरी गंमत सांगायची राहिली म्हणून थोडी मागेही आले. शेवटच्या झेंड्याशी पोचले तेव्हा पिशवी रिकामी.

"अय्या! काका, सॉरी, माझं लक्षच नव्हतं."

काका कमरेवर हात ठेवून ती रेघ बघत होते. त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

"पाण्याचं तरी कुठे असतं?" ते म्हणाले आणि मशीनवर चढले.

मग दुपारभर जी धमाल आली! सगळी टोळी खाली उतरली. काकांचा हात एखादं मूळ छाटायला वळला की आम्ही कोरसमध्ये ओरडायचो, "काका, आवरू नका!" शर्ट अर्धा बाहेर ठेवून लग्नाला पाठवल्यासारखा चेहरा करून ते पुढे जायचे. दगड राहिला. बुंधा राहिला. काठ जिथे ढासळला तिथे तसाच राहिला.

संध्याकाळी मॅडम आल्या. नव्या पात्रातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या.

"आखणी कुणी केली?"

"हिच्या बडबडीनं," काका म्हणाले.

मॅडमनी वरच्या बंधाऱ्याकडे जाऊन स्वतः फळी उचलली.

पाणी आलं. मातकट, पुढे काटक्या आणि फेस ढकलत. काका मशीनमध्येच बसून राहिले होते, ओढ्याकडे पाठ करून. पहिल्या वळणावर पाणी दगडाला धडकलं, फुगलं, काठावर चढायला लागलं. जुना सरळ चर अगदी हातभर पलीकडे. चष्मेवालीने माझा दंड आवळला.

"वळलं का गं?" काकांनी मागे न बघता विचारलं.

मला बोलताच येईना. मला! पाणी दगडाभोवती एकदा गरकन फिरलं, बुंध्याच्या मुळांत शिरलं, तिथे जरा घोटाळलं, आणि माझ्या पावलांनी गेलं. बेडकाकडे वळलं. मी मागे आले होते तिथे तेही रेंगाळलं!

"वळलं! काका, वळलं!"

आम्ही चिखलात नाचत सुटलो. मॅडमही नाचल्या, अगदी चप्पल रुतेपर्यंत. मग म्हणाल्या, "काका, खालचा सगळा ओढा तुम्हीच करा."

काकांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी मशीन फिरवलं आणि जुन्या चरात माती लोटायला लागले. पाहुण्यांना दाखवायचे तो हा चर. आमचा दंगा हळूहळू थांबला. शेवटची माती टाकून झाल्यावर त्यांनी बकेटची पाठ वरून फिरवली, पुन्हा फिरवली, अगदी सपाट होईपर्यंत. मी 'आवरू नका' म्हणायला तोंड उघडलं. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तशी मी गप्प बसले.

मी घरापर्यंत पळत आले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा पंख्याचे स्क्रू काढून बसले होते.

"पाय! ते पाय बाहेर!" आई किंचाळली. "अवतार बघा हिचा! कुठे लोळून आलीस?"

"आई, घडी खाली ठेव. बाबा, तुम्ही पण स्क्रू ठेवा. नीट ऐका."

"आता काय केलंस?" बाबा म्हणाले.

"मी मोठी झाले की ओढे वाकडे करणार आहे. मशीन मी स्वतः चालवणार. विचारत नाहीये, सांगतेय."