तांब्याच्या थरातली फट

मी एका सर्किट बोर्डाच्या पोटातला तांब्याचा थर बोलतोय. दचकू नका. मला पाहिलेलं माणूस विरळाच. बोर्डावर मिरवणाऱ्या चिपा, लुकलुकणारे दिवे, चकचकीत ठिपके यांच्याकडेच सगळ्यांचं लक्ष. मी त्यांच्या खाली, आतल्या आत दाबलेला, या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला. मला ग्राउंड म्हणतात. जमिनीचं नाव मिळालं आणि मानही जमिनीइतकाच मिळाला. सगळे उभे माझ्याच जिवावर, पण खाली वाकून बघायला कुणाला सवड नाही.

माझं काम काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढची हकिगत कळायची नाही. बोर्डाच्या वरच्या अंगाला तांब्याच्या बारीक रेघा असतात, त्यांच्यातून सिग्नल धावतो. पण जो प्रवाह जातो त्याला परतही यावंच लागतं, आणि तो माझ्यातून येतो. तोही कुठूनही नाही, वरच्या रेघेच्या अगदी खालून, तिची पाठ न सोडता. माणसांना जाणारं तेवढं दिसतं. परत येणाऱ्याची वाट कुणी बघत नाही.

काही रेघा जोडीनं धावतात. एक चढली की दुसरी उतरते. हिला डिफरन्शियल जोडी म्हणतात, आणि इथेच भले भले फसतात. त्यांना वाटतं, एकीनं नेलेलं दुसरी परत आणते, मग खालच्या थराचं काय अडलंय? अहो, त्या दोघी शेजारणी खऱ्या, पण त्यांना एकमेकींपेक्षा मी जास्त जवळचा. दोघींचं परतीचं ओझं मीच वाहतो. आमच्या घरात सगळं बिनसलं ते एवढी एक गोष्ट न मानल्यामुळे.

घर म्हणजे तीन माणसांचं. आई शिवणकाम करायची. तिच्या शिलाई मशीनच्या खोलीतच मुलानं आणि धाकट्या मुलीनं आपली टेबलं मांडली होती. दोघंही बोर्ड बनवण्यात तरबेज. भाऊ रेघा आखायचा, बहीण विजेचा आणि दिव्यांचा भाग बघायची. एकाच खोलीत चिंध्याही आणि वायरींचे तुकडेही. कधीकधी आईच्या टाचण्या बोर्डाला चिकटून यायच्या आणि भावाच्या वायरी कापडात शिवल्या जायच्या.

मग आईचे डोळे जाऊ लागले. समोर बघितलं की मधला भाग धूसर, कडेचं तेवढं दिसे. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. त्या वेळी तिच्या हातात मुलीचा कोट होता, गडद निळा. अंगाला बसवून, अस्तर लावून तयार होता, फक्त काजं राहिली होती. काजं मशीनवर करणं आईला मान्य नव्हतं.

"हाताचं काज ते हाताचं काज. मशीनचं काज चार दिवसांत तोंड वासतं," ती म्हणायची.

निळ्या कापडावर निळा दोरा. तो तिला दिसेना. म्हणून भावंडांनी ठरवलं, आईसाठी यंत्र करायचं. वर कॅमेरा, शेजारी दिवा, समोर मोठा पडदा. सुईचं टोक बोटाएवढं दिसेल असं. माझा जन्म त्यासाठी.

मी नुसतं चित्र होतो तेव्हाच माझं नशीब ठरलं. दिव्याच्या विजेचा गोंगाट कॅमेऱ्याच्या चित्रात येऊ नये म्हणून भावानं माझ्यात एक लांब फट आखली. कॅमेऱ्याची जोडी नेमकी त्या फटीवरून जात होती. बहिणीनं ते पाहिलं.

"दादा, जोडी फटीवरून जातेय. खाली तांबं नाही तिथे."

"मग काय झालं? जोडी आहे ती. एकीचं दुसरी परत आणते. तिला खालच्याशी काय देणंघेणं?"

"मला नाही पटत हे. निदान जोडीच्या खाली तरी फट बुजव."

"म्हणजे तुझ्या दिव्याचा कचरा माझ्या चित्रात! तू तुझा दिवा सांभाळ, बाकीचं मी बघतो."

आई मशीनवरून ओरडली, "भांडा किती भांडायचं ते! माझे डोळे थांबणार आहेत का तुमच्यासाठी?"

भाऊ मोठा. त्याचाच शब्द राहिला. कारखान्यात मला रसायनात बुडवलं आणि जिथं मी असायला हवा होतो नेमकं तिथलंच तांबं खाऊन टाकलं. मग वरखाली थर चढले आणि मी कायमचा आत गेलो.

यंत्र पहिल्यांदा चालू झालं तेव्हा भावानं कॅमेऱ्याखाली स्वतःचा तळहात धरला. पडद्यावर रेषा न् रेषा दिसली. आई टाळ्या पिटायची बाकी राहिली. मग तिनं कोट ठेवला, पडद्यावर अंधार. गडद कापडाला उजेड नको का? बहिणीनं दिवा लावला, आणि चित्र फाटलं. पांढरे पट्टे सैरावैरा धावायला लागले.

तो मी ओरडत होतो. दिव्याच्या प्रत्येक झटक्याला फटीपलीकडचा माझा भाग उसळायचा आणि अलीकडचा गप्प असायचा. जोडीचा परतीचा प्रवाह फटीच्या तोंडाशी येऊन अडायचा, मग लांबचा वळसा घालून धापा टाकत यायचा. तोवर वरच्या दोघींचा ताल चुकलेला. माझ्याकडे बोलायला दुसरं काही नव्हतं, मी पट्टे पाठवत होतो.

भावानं दिवा बंद केला, पट्टे गेले. लावला, आले. झालं, खापर फोडायला जागा मिळाली.

"बघितलंस? तुझाच दिवा आहे."

बिचारीनं दिव्याचा भाग नव्यानं केला. मग परत केला. प्रत्येक वेळी पट्टे तसेच. एकदा ती हळूच म्हणाली, "दादा, ती फट..."

"पुन्हा तेच! स्वतःचं काम जमत नाही, आणि माझ्या कामात खोट काढायची?"

तिनं टेबल आवरलं, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी नोकरी धरली. जाताना आई म्हणाली, "कोट तरी घेऊन जा, थंडी असेल तिकडे."

"काजं झाली की नेईन," ती म्हणाली.

कोट मशीनमागच्या खिळ्याला लटकत राहिला. भावानं वायर बदलली, पत्र्याचं आवरण घातलं, कॅमेरा बदलला. सगळं केलं, फक्त माझ्याकडे बघितलं नाही. मला त्याचा राग नाही. तो आईसाठीच धडपडत होता, जेवणखाण विसरून. पण आपण चुकलोय हे मान्य करायच्या आधी माणूस सगळं जग तपासून बघतो, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. आई रोज विचारायची, "झालं का रे?" मग रोजचं विचारणं बंद झालं. मला ते फार लागलं.

एका दुपारी यंत्राचं झाकण उघडं होतं आणि दिवा चालू होता. भाऊ चहा टाकायला आत गेला होता. आईनं चाचपडत कोट काढला आणि दिव्याखाली धरला. अंदाजानं एखादं काज करून बघावं, असं तिच्या मनात असावं. कोटाला लावलेली टाचणी निसटली आणि बोर्डावर पडली. ती पडली ती नेमकी फटीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, माझ्यापर्यंत खोल उतरलेल्या सोल्डरच्या टाक्यांवर आडवी, जोडीच्या अगदी शेजारी. मला पूल मिळाला. माझे दोन्ही भाग कितीतरी दिवसांनी एकत्र श्वास घ्यायला लागले.

भाऊ कप घेऊन आला आणि दारातच थांबला. पडद्यावर निळं कापड, त्याची वीण, खडूची खूण, सगळं लख्ख. एकही पट्टा नाही.

"आई, हलू नकोस!"

"काय रे? काय सांडलं?"

"चित्र बघ, आई. चित्र बघ!"

आई पडद्यापाशी वाकली. मान इकडे करून पाहिली, तिकडे करून पाहिली.

"उजेड आहे एवढं कळतंय," ती म्हणाली. "कापड कुठंय?"

भाऊ बोर्डावर वाकला, तिथं ती टाचणी आडवी पडलेली दिसली. मग त्यानं टाचणी उचलली, पट्टे आले. ठेवली, गेले. पुन्हा उचलायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं बहिणीला फोन लावला.

"तुझा दिवा बरोबर होता," तो म्हणाला. "फट होती. तू सांगितलं होतंस."

मग तिनं एवढंच विचारलं, "आईला दिसलं?"

"तू ये," तो म्हणाला.

ती आली. भावाशी भांडली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं असावं. तिनं कोट अंगात घातला आणि यंत्राच्या दिव्याखाली आईसमोर बसली.

"काजं राहिली गं," आई म्हणाली.

"नाही राहिली. दादानं करून घेतली. बघ, सगळी बटणं लावलीत मी." तिनं गळ्याशी कोटाच्या दोन्ही कडा मुठीत घट्ट धरल्या होत्या.

आईचा हात कापडावरून वर सरकत गेला. आयुष्यभर शिवलेली बोटं ती, त्यांना कोण फसवणार? ती मुठीपर्यंत पोचली, थांबली आणि मुठीवर तशीच राहिली.

"छान बसलाय," ती म्हणाली.

दिवा लागलेला होता, कॅमेरा चालू होता. मुलीची मूठ आणि वर आईचा हात, पडद्यावर हे एवढे मोठे. इतकं स्वच्छ चित्र माझ्या माथ्यावरून कधी गेलं नव्हतं. ते दोघांनी बघितलं, जिच्यासाठी होतं तिनं नाही.

आता ती टाचणी माझ्यावर सोल्डरच्या टाक्यानं कायमची पक्की केली आहे. यंत्रावर कापड घातलं आहे. अधूनमधून भाऊ ते काढतो, दिवा लावतो, काहीही न ठेवता रिकाम्या पडद्याकडे बघतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. माझ्यात काही बिघाड उरलेला नाही, आणि काही कामही.

तुम्ही कधी अशी जोडी आखलीत तर तिच्या खाली एकदा बघा, एवढंच माझं मागणं. आणि शेजारचं माणूस फट आहे म्हणालं तर हातातलं काम ठेवून ऐका. मला तर तोंडच नव्हतं. पण ती बोलली होती.