डावी किनार सहा धागे खाली

कामतघरच्या लूम कारखान्यात दोन वर्षं सुताच्या कांड्या भरल्यावर आज धम्मदिनाचं पहिलं डिझाइन लूमवर चढलं होतं. शालीची किनार. एक हात कापड निघालं की केसरीनाथशेठ ते उभं दुमडून किनारीवर किनार ठेवणार. जुळली तर डिझाइनचे ग्राफ काढायचं काम तिचं. नाहीतर परत कांड्या.

डिझाइन सोपं होतं. उजव्या किनारीत तिरकी रेघ, y = 2x + 3. डाव्या किनारीत तीच, आरशातली. मधे शाल कोरी, म्हणून दोन्ही ग्राफ वेगळ्या कागदांवर; एक घर म्हणजे एक धागा, आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं मारायची, लूम त्या भोकांप्रमाणे विणतो. गणित मोबाइलवर बघून शिकलेलं.

राघोकाकांनी लूम चालू केला. खटखट, खटखट.

"एवढी घामाघूम का? तुझ्या लग्नाची शाल हाय का?"

तिला हसू आलं नाही. डाव्या कागदावर तिनं y = -2x - 3 लिहिलं होतं. उतार उलटा, बरोबर. तरी काहीतरी टोचत होतं. उजवीकडे x एक घेतला, आले पाच. डावीकडे उणे एक घेतला, पाचच यायला हवे.

आला उणे एक.

मेले! सगळीच चिन्हं बदलली मी! रेघ आडव्या अक्षावर पलटली होती. पलटायची होती उभ्या अक्षावर, तिथं फक्त x चं चिन्ह बदलतं, तीन तसेच राहतात. तिरकेपणा दोन्हीकडे सारखाच, म्हणून नजरेला कळलंच नाही.

"काका, बंद करा!"

"शेठ मलाच बंद करंल!"

तिनं स्वतःच हँडल ओढलं.

चाळीस लूमांत एकाचा आवाज गेला तरी शेठला केबिनमध्ये कळतं. ते आलेच.

"कुणी थांबवला?"

"मी. डिझाइन चुकलंय. माझंच."

चार बोटं कापड विणून झालं होतं. शेठनी ते सैल केलं, किनारीवर किनार आणली, नखानं धागे मोजले.

"सहा."

"हो शेठ. डावी रेघ सहा धागे खाली गेली."

"जुना डिझाइन मास्तर चुकला की म्हणायचा, सूत खराब हाय." शेठनी घड्याळ बघितलं. "पत्ते परत मारायला किती वेळ?"

"दोन तास."

"दीड."

तिनं डाव्या कागदावर -3 खोडून +3 लिहिलं. उणे एक घालून बघितला. पाच. परत घालून बघितला. मगच पत्त्यांना भोकं मारायला बसली.

संध्याकाळी शेठनी हातभर कापड दुमडलं, मोजलं, किनारीवर किनार जुळलेली बघितली. कापड तिच्या हातात देऊन निघून गेले.

राघोकाका तिकडून कांड्या भरणाऱ्या पोरींकडे बघून ओरडले, "बकुळा, हिच्या कांड्या आता तू भर गं!"