पेटंट घेतलेलं रक्त

"रक्त! रक्त निघालं!"

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत दोनशे माणसं एका दमात ओरडली. मी गर्दीत घुसलो तेव्हा दोघांनी गंगाबाईचे हात पिरगाळून धरले होते. तिचं कपाळ फुटलं होतं, तळव्यांवरून लाल पाणी ओघळत होतं आणि शेगडीत सळई तापत होती.

आठवड्यात पटकीनं गल्लीतली तिघं गेली होती. त्यांतला शेवटचा हनुमंतरावांचा पाच वर्षांचा मुलगा. लगेच रामस्वामी नावाचे एक सामी, म्हणजे साधूबुवा, उगवले. देवीनं म्हणे स्वप्नात येऊन यांच्या हाती तीर्थाची बाटली दिली होती. देवीला बाटलीचं बूच लावता येतं हे मला नवीनच होतं!

"करणी केलेला हात तीर्थ लागतांच रक्त ओकेल, तायी!" सामी बायकांकडे पाहून गर्जले. बायकांची रांग लागली. बाकी सगळ्यांच्या हातांवर पाणी पाणीच राहिलं. गंगाबाई खाणावळीला विडे पुरवून पोट भरायची. तिला विडे लावतानाच ओढून आणलं होतं, बोटं चुन्यानं ओली होती. शिवाय आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "सामीला काय विचारतां? पाणी उकळून प्या कीं!" सामींच्या ते बरोबर लक्षात राहिलं होतं.

मी तो लाल रंग नीट पाहिला. रक्त असं गुलाबी नसतं. हा रंग मी रोज कारखान्यात पाहतो.

"हनुमंतराव, थांबा!"

त्यांनी शेगडीतली सळई उचलून तिच्या हातावर टेकवली. गंगाबाईची किंकाळी आणि चामडी जळाल्याचा वास एकदमच आला. मी त्यांना धक्का मारून पाडलं. कोणीतरी माझ्या पाठीत काठी घातली. मी सामींची बाटली हिसकावली आणि समोरच्या भिंतीवर उपडी केली.

पटकीसाठी म्युनिसिपालिटीनं सकाळीच चुना फासलेली ती ओली भिंत वरपासून खालपर्यंत लाल झाली.

"आता भिंतीलाही डाग द्या! तिनंही करणी केली!" मी ओरडलो. मग उरलेले थेंब हनुमंतरावांच्या चुना लागलेल्या बोटावर टाकले. सकाळपासून विडे चघळत बसलेल्या त्या बापाचं बोटही लाल झालं. सामींच्या पूजेतलं लिंबू उचलून वर पिळलं, रंग गेला.

"हें काय, रघोजी?" ते बोट उजेडात धरून पाहू लागले.

"रसायन आहे. चुना लागला की लाल होतं, आंबट लागलं की पुन्हा बिनरंगी. तिरुवैयारूच्या साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना जास्त झाला का, हे मी यानंच पाहतो. त्या कृतीचं पेटंट आहे माझं."

सामींची झोळी कोणीतरी उलटी केली. आणखी दोन बाटल्या निघाल्या आणि कलकत्त्याहून आलेलं एक छापील चोपडं. त्यावर माझं नाव होतं. पेटंट घेणाऱ्याला कृती उघड लिहून द्यावी लागते, चार आणे टाकले की ती कोणालाही वाचता येते. गल्लीत एकानंही वाचली नव्हती. वाचली ती फक्त या भामट्यानं. मीही ती कपाटात ठेवून मिरवत होतो, शेजाऱ्यांना कधी समजावून सांगितली नाही. याची मला अजून लाज वाटते.

गर्दी आता सामींवर तुटून पडली. दात पडले, खोट्या जटा हातात आल्या. हनुमंतरावांनी पुन्हा सळई उचलली.

"नक्को!" गंगाबाई जमिनीवरून ओरडली. जळलेला हात तिनं छातीशी धरला होता. "त्याला पोलिसांत द्या. त्याचं रक्त लिंबानं जाणार नाहीं!"

सळई खाली पडली.

गंगाबाईची बोटं नंतर कधी सरळ झाली नाहीत. विडा तिला दुमडता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला कृती विचारा. तो सांगत नसेल तर भिंतीवर, लिंबावर, स्वतःच्या बोटावर करून पाहा. पण हे सगळं सळई तापवण्याच्या आधी करा.