प्रॉफेटच्या जीपमधलं तेल

प्रॉफेट हिझेकाया आम्पोन्सा यांनी आंधळ्यांना दृष्टी दिली होती, वांझ बायकांना जुळी दिली होती, आणि एकाला म्हणे कॅनडाचा व्हिसासुद्धा मिळवून दिला होता. जीपच्या एसीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. म्हणून मार्चमधल्या टळटळीत दुपारी काळा चष्मा आणि टोपी घालून, ड्रायव्हरला घरी ठेवून, ते गुपचूप कुमासी शहरातल्या मॅगझीन नावाच्या वस्तीत आले. मॅगझीन म्हणजे नजर पोचेल तिथवर गॅरेजंच गॅरेजं. तिथे गाडीचा आत्मा सोडून बाकी सगळं मिळतं. जीपच्या मागच्या काचेवर प्रॉफेटचाच हात उंचावलेला भलामोठा फोटो होता, तेव्हा टोपीचा तसा काही उपयोग नव्हता.

एसीवाल्या डुफीने तो फोटो लांबूनच पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ख्रिसमसला या माणसाने तिच्या आईला मंतरलेल्या तेलाची बाटली दिली, आणि आईने त्या दिवसापासून बीपीच्या गोळ्या बंद केल्या. मागच्या आठवड्यात म्हातारी अंगणात फुफूसाठी उकडलेले कंद कुटताना चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर उठतीलच असं नाही. डुफीने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा तर गोळी कुस्करून सूपमध्ये घातली. आईला वास आला आणि तिने ते सूप कोंबडीला घातलं. कोंबडीची तब्येत उत्तम होती.

"काय होतंय?" डुफीने कोरडेपणाने विचारलं.

"गरम हवा येते. रविवारी अक्राहून पाहुणे यायचेत. त्यांना काय घामाने निथळत आणू?"

"प्रार्थना करून पाहिलीत?"

"केली."

"मग?"

"पट्टा किंचाळतो," प्रॉफेट म्हणाले.

डुफीने इंजिन सुरू केलं, एसीचं बटण दाबलं. पट्टा खरंच किंचाळला आणि जळक्या रबराचा वास सुटला. तिने लगेच इंजिन बंद केलं, कॉम्प्रेसरच्या पुढच्या नटाला पाना लावून सगळा जोर लावला. तो तसूभर हलला नाही.

"कॉम्प्रेसर मेलाय."

"मेलाय म्हणजे?"

"मेलाय म्हणजे मेलाय, प्रॉफेट. तुम्हाला उठवता येत असेल तर मी बाजूला होते."

प्रॉफेटनी रुमालाने मान पुसली आणि सावलीतलं स्टूल धरलं. डुफीने गॅस काढून घेतला, कॉम्प्रेसर सोडवला आणि वाटीवर उपडा केला. काळपट हिरवं, दाट काहीतरी ओघळलं. त्यात धातूचा चुरा चमकत होता. तिने वाटी नाकाशी नेली. हा वास गॅरेजचा नव्हता. तो आईच्या उशीला यायचा, आईच्या डोक्याच्या फडक्याला यायचा.

"यात काय ओतलंय?"

प्रॉफेट गॅरेजच्या पत्र्यांकडे बघत म्हणाले, "रस्त्यावर एसीचा गॅस भरायला थांबलो होतो. तो माणूस म्हणाला, कॉम्प्रेसरमधलं तेल कमी झालंय. मी म्हटलं, तेलाची आपल्याकडे काय कमी?"

"मंतरलेलं होतं?"

"चांगलं दोनदा."

डुफीला हसू आवरेना आणि रागही आवरेना. ते मंतरलेलं ऑलिव्हचं तेल नळ्यांभर फिरून आत चिकटून बसलं होतं; नळ्या धुवायच्या तर डॅशबोर्डच्या आत शिरायला हवं, आणि त्यासाठी समोरचा कप्पा काढायला हवा. तिने कप्पा उपसला. पेपरमिंट निघाले, देणगीची रिकामी पाकिटं निघाली, आणि तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या. त्याच गुलाबी गोळ्या. आईच्या घरी तांदळाच्या डब्यामागे त्या न फोडता पडून होत्या. इथली पट्टी अर्धी संपलेली होती.

ती जीपच्या पायरीवर बसली. "हे कोणाचं?"

"असेल एका भक्ताचं."

"भक्ताचं नाव पाकिटावर आहे. हिझेकाया आम्पोन्सा, रोज सकाळी एक."

प्रॉफेटनी चष्मा काढला. चष्म्यामागचा चेहरा बराच म्हातारा होता.

"माझ्या आईने तुमच्या शब्दावर या गोळ्या सोडल्या," डुफी म्हणाली.

"मी कुणाला सोडायला सांगत नाही. मी एवढंच म्हणतो, विश्वास असला की पुरे."

"आणि स्वतः कप्पा भरून ठेवता. संध्याकाळी माझ्याबरोबर आईकडे यायचं आणि तिला खरं सांगायचं."

"नाहीतर?"

"नाहीतर काही नाही. गाडी मी करूनच देणार, ते माझं काम आहे. ही वाटी तेवढी दुकानासमोर ठेवीन. मॅगझीनमध्ये लोकांना चौकशा फार. विचारेल त्याला वास देईन."

मग ती कामाला लागली. भंगारवाल्यांच्या रांगेतून तिने एक वापरलेला कॉम्प्रेसर उचलून आणला. तो थंड देशातल्या गाडीतून उतरवलेला होता, म्हणजे जन्मभर बसून खाल्लेला. तिने नळ्या धुऊन काढल्या, ओल शोषणारा डबा नवा बसवला, मोजून योग्य ते तेल घातलं, पंप लावून आतली हवा खेचली आणि गॅस भरला. ऊन कललं तेव्हा तिने बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि गार झुळूक आली. प्रॉफेट "हालेलुया" म्हणाले. ते स्टिअरिंगवर बसताच डुफीने हात पुसले आणि आईच्या घराचा रस्ता सांगत शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

आई, एनो फोसुआ, अंगणात भेंडी चिरत होती. प्रॉफेटना बघून ती धडपडत उठली आणि कमरेच्या कापडाने स्टूल पुसू लागली. "तुम्ही कशाला आलात? मीच आले असते."

"बसा, आई. देवाने मला काल स्वप्नात—"

डुफी खाकरली. प्रॉफेट थांबले. त्यांनी खिशातून पट्टी काढली, पाणी मागितलं आणि आईच्या देखत एक गोळी गिळली.

"मलाही बीपी आहे, आई. मी रोज घेतो."

म्हातारीने पट्टी हातात घेऊन त्या गुलाबी गोळ्या निरखल्या. "मग मला चक्कर येते ती?"

"बीपीमुळेच."

"माझा विश्वास कमी पडतो म्हणून नाही?"

आई हट्टी आहे, एवढंच डुफी आजवर समजत होती. आई रोज रात्री तेल चोळून देवाची माफी मागत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"नाही, आई," प्रॉफेट म्हणाले. माईकशिवाय त्यांचा आवाज साधाच होता. "विश्वासात काही कमी नाही."

एनो फोसुआ उठली. तांदळाच्या डब्यामागून तिने पट्टी काढली, एक गोळी फोडली आणि पाण्याबरोबर घेतली. मग स्टूल ओढून ती प्रॉफेटच्या अगदी समोर बसली.

"दर रविवारी चर्चमध्ये तू मला साक्षीला उभी करतोस. मी गोळ्या कशा सोडल्या ते लोकांना सांगायला लावतोस."

"या रविवारी तुम्ही आराम करा, आई. दुसऱ्या कुणाला तरी—"

"नाही रे बाळा. माझं ऐकून किती जणांनी सोडल्या असतील. आज जे झालं ते मी सगळं सांगणार. आणि तू माझ्या शेजारी उभा राहा. चक्कर आली तर धरायला कुणीतरी हवं ना."