पाऊणपट

“उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठाय?” सुचिताबाईंनी वही उलटीसुलटी करून पाहिली.

नवाची पाऊणपट किती, या प्रश्नापुढे केसरने नुसतं ‘पावणेसात’ लिहिलं होतं. भिंतीवरच्या नव्या टीव्हीवर कुणीतरी पिझ्झा कापून अपूर्णांक शिकवत होतं आणि सहावीचा अर्धा वर्ग जांभया देत होता.

“रीत कशाला, बाई? नवमीला भरती पावनेसातलाच येते. बापूस सांगतो.”

बाईंचा लाल पेन हवेतच राहिला.

केसरचा बापूस म्हणजे दिपेश. बावीस वर्षांपूर्वी याच शाळेत, अशाच गणितापुढे त्याने नुसतं उत्तर लिहिलं होतं. बाईंनी शून्य देऊन खाली ‘नक्कल’ लिहिलं, तेही सगळ्या वर्गाला वाचून दाखवून. दुसऱ्या दिवसापासून दिपेश होडीवर गेला, तो शाळेत परत आलाच नाही. बदल्यांच्या फेऱ्यांतून बाई पुन्हा इथेच आल्या होत्या. निवृत्तीला चार महिने उरले होते.

शाळा सुटल्यावर त्या बंदरावर गेल्या. दिपेश आता स्वतःच्या होडीचा तांडेल होता. खलाशी विनेशला जाळं धरायला लावून तो शिवत बसला होता.

“बाई, तुमी? पोरीनं काय केला?”

“काही नाही. भरतीचं गणित वर्गात सांगशील? टॅबवर रेकॉर्ड करून ठेवायचंय.”

“माजा गणित?” सुई चालूच होती. “ती तं नक्कल व्हती ना, बाई?”

विनेश खिदळला. “तांडेल, आता तुमीच बाईंना आंगठे धरून उभा करा!”

बाई हसल्या नाहीत. “नक्कल नव्हती, दिपेश. मलाच भरतीचं गणित येत नव्हतं.”

सुई थांबली.

“अष्टमीला येतो,” दिपेश खाली बघत म्हणाला. “भांगाची भरती असते, पान्याला ओढ न्हाय. होडी किनाऱ्यालाच.”

अष्टमीला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि चपला काढून उंबऱ्यातच थांबला. बाईंनी आत बोलावलं तेव्हा त्याने खिशातून आठ शिंपल्या काढून जमिनीवर मांडल्या. केसरने टॅब धरला.

“तिथीची पाऊणपट म्हंजे भरतीची येळ. चारांतली एक बाजूला. आठांतल्या दोन गेल्या, ऱ्हायल्या सहा. आज सहाला भरती.”

“नि नवमीला?” मागून कुणीतरी ओरडलं.

“अजून एक शिंपली आली. तिची पाऊण धरा.”

“पावनेसात!” अख्खा वर्ग गरजला.

बाईंनी टीव्हीवर भरतीचा तक्ता लावला. आजची वेळ होती सहा वाजून बारा मिनिटं.

“तांडेलकाका चुकले!”

“बारा मिन्टांचा वाऱ्याला इचारा,” दिपेश म्हणाला आणि पोरं हसली.

“खरंच, का पडतो हा फरक?” बाईंनी विचारलं. एकदम सात-आठ हात वर गेले. मधली सुट्टी झाली तरी शिंपल्यांभोवतीचं कोंडाळं हललं नाही.

दुपारी केसर आणि बाई टॅबवरचा व्हिडिओ बघत बसल्या. सगळं नीट आलं होतं. फक्त एका ठिकाणी, “सहाला भरती” म्हणून झाल्यावर, दिपेश कॅमेऱ्याकडे न बघता उजवीकडे, बाई उभ्या होत्या तिकडे बघत होता. तपासायला दिलेल्या वहीकडे पोरं बघतात तसा, ओठ घट्ट मिटून.

“बाई, एवढा कापून टाकू?” केसरने विचारलं.

“नको,” बाई म्हणाल्या. “राहू दे.”