शिंगवाली सायकल

बस चालवणाऱ्याला सायकलवाल्यांचा राग असतो आणि सायकल चालवणाऱ्याला बसवाल्यांचा. दोघं एकाच घरात राहत असले म्हणजे जेवणाच्या ताटावर रोज काय होत असेल, ते सांगायला नको. या घरात बाप बस चालवायचा आणि मुलगी सायकलवरून कामाला जायची. सव्वीस वर्षांची झाली, प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासायला लागली, तरी घरात तिला भिंगरीच म्हणत.

सायकलीबद्दल बापाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिने नुकत्याच बसवून आणलेल्या दोन दांड्यांबद्दल. दुकानदार त्यांना एअरो बार म्हणतो, बाप शिंगं म्हणायचा. हँडलच्या मधोमध त्या पुढे निघतात. कोपरं छोट्या गाद्यांवर टेकवायची, दोन्ही हात पुढे करून दांड्या धरायच्या आणि पाठ आडवी करायची. वारा कमी लागतो, सायकल सुसाट जाते. शर्यतीत ठीक आहे, तिथे रस्ता मोकळा असतो. पण ब्रेक राहतात बाजूला, नेहमीच्या हँडलवर. हात तिथवर न्यायला एक क्षण लागतो आणि गर्दीच्या रस्त्यावर तो क्षण कुणी कुणाला देत नाही. इतकी वर्षं स्टिअरिंग धरून बापाला दुसरं काही कळलं नसेल, पण एवढं नक्की कळलं होतं.

"शर्यतीत काय लावायचं ते लाव गं. रस्त्यावर कशाला?"

"मग सवय कुठे करू? गच्चीवर?"

"तुझे हात ब्रेकवर नसतात."

"डोळे असतात ना रस्त्यावर! आणि पोळी गार होतेय तुमची."

आईने यात पडायचं साफ नाकारलं. तिच्या मते दोघंही सारखेच हट्टी होते, आणि ते खरंच होतं. शेवटी बापाने हात टेकले.

त्या दिवशी सकाळी बस खच्चून भरलेली होती. पुलावरून खाली उतरतो तोच त्याला समोर भिंगरीचं पिवळं जाकीट दिसलं. तिला असं मागून, ड्रायव्हरच्या उंच सीटवरून, त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दिसत होती ती नुसती एक आडवी पाठ आणि खाली भराभर फिरणारे पाय. हात दिसतच नव्हते.

हॉर्न वाजवावा, तर दचकेल. शिंगांवर हात असताना दचकली तर सायकल कुठल्या कुठे जाईल. पुढे काढावी, तर बसच्या वाऱ्याने हेलकावेल आणि मागून येणारा कुणीही तिच्या अंगावर येईल. मग त्याला वाटलं, आपण मागेच राहावं. एवढी मोठी बस मागे असल्यावर कोण धक्का लावतो तिला! तो तिच्या मागे मागे, थोडं अंतर ठेवून, बस चालवत राहिला.

"ओ ड्रायव्हर, वरातीला निघालाय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

कंडक्टर पुढे आला. "काका, काढा ना पुढे. माणसं माझं डोकं खाताहेत."

"सायकल आहे पुढे."

"रोज काय कमी सायकली मागे टाकता?"

"ती माझी भिंगरी आहे."

कंडक्टरने समोर पाहिलं. मग तो तिथेच दांडा धरून उभा राहिला.

बस सावकाश न्यायची असं त्याने ठरवलं होतं, पण वेगाचा काटा वर वर चालला होता, कारण तीच वेग वाढवत होती. एवढ्यात कडेला उभा असलेला एक टेम्पो, इशारा ना काही, सरळ रस्त्यात घुसला. बापाचा पाय ब्रेकवर बसला. उभी माणसं एकमेकांवर आदळली, शिव्यांचा भडिमार झाला. तिने मात्र ब्रेक लावलाच नाही. नुसता खांदा टाकून ती टेम्पोच्या नाकासमोरून वाकडी झाली, आणि तशीच आडवी, आणखी जोरात पुढे गेली. तिच्यापासून लांब पडायला नको म्हणून बापाने बस पुन्हा तिच्यामागे घातली.

चौकात सिग्नल लाल झाला तेव्हा ती थांबली, तो थांबला. ती सायकल ढकलत, लालबुंद तोंडाने, तरातरा त्याच्या खिडकीखाली आली.

"काय हो, चिरडायचं आहे का मला?" म्हणाली, आणि मग तिने वर पाहिलं. "बाबा? तुम्ही?"

"मीच."

"मला वाटलं कुणी माजलेला ड्रायव्हर मागे लागलाय. पुलापासून जीव तोडून पळतेय मी."

"अगं, मग हळू व्हायचं ना."

"बस मागे असताना? बस मागे असली की हळू व्हायचं नाही, ती लगेच थांबत नाही. तुम्हीच शिकवलंय, सातवीत असताना."

शिकवलं होतं. अजूनही कुणाच्या लेकराला त्याने हेच शिकवलं असतं.

"आणि तो टेम्पो? हात का नाही नेलेस ब्रेकवर?"

"नेले होते. दाबला नाही. दाबला असता तर तुम्ही होतात ना मागे."

कंडक्टर उगाच दुसरीकडे पाहू लागला.

"बरं, आता हात ब्रेकवर ठेव," तो कसाबसा म्हणाला. "कामावर पोचेपर्यंत. एवढं ऐक माझं."

"ठेवते, बाबा. खरंच ठेवते. जा आता, लोक खिडक्यांतून बघताहेत."

तिला सरळ जायचं होतं, त्याला वळायचं होतं. सरळचा सिग्नल आधी हिरवा झाला. ती निघाली. दोन्ही हात नेहमीच्या हँडलवर, बोटं ब्रेकवर, पाठ ताठ. दिलेला शब्द तिने चौक ओलांडेपर्यंत अगदी नीट पाळला.

मग शेजारच्या रांगेतून दुसरी एक बस सुटली आणि तिच्या मागे लागली. त्या ड्रायव्हरची काही चूक नव्हती, त्याचा रस्ताच तो होता. पिवळ्या जाकिटाने एकदा मागे वळून पाहिलं. मग पाठ आडवी झाली, कोपरं गाद्यांवर टेकली, आणि बापाने शिकवल्याप्रमाणे ती वेगाने पळायला लागली.

वळायचा बाण हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. कंडक्टरने हलकेच घंटी दिली. बापाने स्टिअरिंग फिरवलं आणि बस वळवली.